भिंतीवरचा तिसरा पट्टा

द्वारकेच्या चौकात उतरले तेव्हा येवल्याच्या बसला सव्वा तास अवकाश होता. शहाण्या माणसानं तो सावलीला बसून काढला असता. मला एका जागी बसता येत नाही. शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली, तीही वर्गात येरझाऱ्या घालतच. उड्डाणपुलाखालून मी एकदा या अंगाला आले, मग त्या अंगाला गेले, मग पुन्हा इकडे. तिसऱ्या खेपेला एका रिक्षावाल्यानं विचारलं, "मावशी, कुठं सोडू?"

"कुठंच नाही."

"मग काही हरवलंय का?"

मी नुसतीच हसले. एक पत्र्याची टपरी शोधतेय म्हटलं असतं तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं. मोबाइलची दुकानं, मिठाईचं दुकान, डोक्यावरून धडधडत जाणाऱ्या गाड्या. टपरी कुठली उरायला. ती नेमकी कुठं होती हेही मला धड सांगता येईना. कोपऱ्यावरचं लिंबाचं झाड असतं तर सांगता आलं असतं. माझी मीच चिडले. तेवढ्यात एका गॅरेजपुढे कुणीतरी थिनरचा डबा उघडला आणि तो वास नाकात शिरला. मग मात्र पाय थांबले.

टपरी आबांची होती. आबा म्हणजे माझे वडील. तेव्हा पूल नव्हता. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता इथं एकमेकांना भेटायचे, आणि ट्रकवाले पंक्चर काढायला, चहा प्यायला, अंग मोकळं करायला इथंच थांबायचे. पंक्चरवाल्याच्या शेजारी आबा बसत. ट्रकच्या पाठीवर मोर, कमळ, उगवता सूर्य, दोन्ही बाजूंनी मान वळवलेल्या घोड्यांची जोडी, आणि खाली वळणदार अक्षरात मालकाच्या मुलांची नावं. मालेगावची कापडाची गाडी असली की चाँदतारा, येवल्याकडची कांद्याची असली की सप्तशृंगीचा गड. आबांना कुठल्याच देवाचं वावडं नव्हतं. घरी आम्ही बुद्धाला हात जोडायचो आणि टपरीवर आबा सगळ्यांचे देव सारख्याच मायेनं काढायचे. डिझेल, टर्पेंटाइन, सडका कांदा आणि उकळून काळा झालेला चहा, या सगळ्यांचा मिळून तिथं एक वास होता. मी शाळेतून थेट टपरीवर यायचे, आणि तो वास आला की मला भूक लागायची.

आणि आबांना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नसत. जन्मापासून. रंगाचं काम करणाऱ्या माणसाला रंग दिसत नाही, हे जगात फक्त तिघांना ठाऊक होतं: त्यांना, आईला आणि मला. "झाकली मूठ सव्वा लाखाची," आई म्हणायची. ती मूठ उघडली तर आमची चूल विझेल, हे मला पाढे यायच्या आधी कळलेलं होतं.

ते कळलं टोमॅटोमुळे. मी पाच वर्षांची असेन. बुधवारचा बाजार, नदीचा काठ (आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात), आणि आबा टोमॅटो निवडून पाटीत टाकताहेत. पिकलेले, कच्चे, सगळे. भाजीवाली खो खो हसली. "दादा, लोणचं घालायचं का चटणी करायची?" मी आबांचा सदरा ओढला आणि म्हणाले, "आबा, हे हिरवे आहेत." आबा तिथंच, त्या चिखलात, माझ्यासमोर उकिडवे बसले. एक कच्चा आणि एक पिकलेला टोमॅटो माझ्या दोन हातांत दिला आणि अगदी हळू विचारलं, "माय, तुला ह्ये दोन येगळे दिसत्यात? लय येगळे?"

"लय," मी म्हणाले. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत मत्सर नव्हता, हे मी आज शपथेवर सांगू शकते. पोरीला दिसतंय याचाच त्यांना आनंद झाला होता.

तोवर आबांना रंग सांगायचं काम आई करत होती. पण आईला रंगाचा कंटाळा. डब्यांच्या झाकणांवर आबांनी खिळ्यानं भोकं पाडली होती, लालाला एक, हिरव्याला दोन. तेवढ्यानं सरळ रंगांचं भागायचं. अडायचं ते करवंटीत कालवलेल्या रंगांपाशी. आई येता-जाता डोकावून "हो, बरोबर आहे" म्हणायची आणि भाकरी उलथायला जायची. मला तसं नुसतं "बरोबर" म्हणून भागायचं नाही. आबा विचारायचे, "कसा हाय, सांग." लाल म्हटलं की म्हणायचे, "त्ये झालं नाव. कसा हाय?" मग मी डोळे बारीक करून बघायचे. पान खाल्लेल्या शेजारच्या मावशीच्या जिभेसारखा. अर्धवट पिकलेल्या बोराचा, पण पिकलेल्या बाजूचा. ओल्या विटेचा. हिरव्याचंही तसंच, द्राक्षाचा म्हटलं तर कुठल्या द्राक्षाचा, आंबट की गोड. आबा ऐकत, मान डोलावत, मग चिमूटभर पांढरा टाकत आणि पुन्हा विचारत, "आता?" एकदा मी म्हणाले, "आता तो लाजल्यासारखा झालाय." आबांनी ब्रश खाली ठेवला आणि पोट धरून हसले. मोराच्या पिसाऱ्यात तोच रंग भरला. तो मोर किती गावं हिंडला असेल कोण जाणे.

बदल्यात त्यांनी मला रेघ दिली. "रंग देवाघरचा, रेघ आपली," असं त्यांचं म्हणणं. हाताखाली टेकायची काठी कशी धरायची, ब्रशचे केस तोंडात ओले करून टोक कसं काढायचं (आई यावरून दोघांनाही बोलायची), मोराची मान एका दमात कशी काढायची. श्वास धरायचा, मान पुरी झाली की सोडायचा. मी श्वास धरून धरून लालबुंद व्हायचे. "आता तुझं तोंड कसं झालंय त्ये मला दिसंना, पन अंदाज हाय," असं म्हणून ते मला चिडवायचे.

सुट्टी असली की आम्ही दोघं सायकलवर पांडवलेण्यांना जायचो. पायऱ्या चढून वर गेलं की गार दगड, वटवाघळांचा उग्र वास आणि खाली पसरलेलं शिवार. आबा तासन्‌तास एका खांबासमोर बसून पेन्सिलीनं काढत बसत. मला तिथं करमायचं नाही. मी म्हणायचे, "आबा, इथं रंगच नाहीत." ते म्हणाले, "म्हनून तर येतो. हितं मला समद्यांसारखंच दिसतं." मला ते तेव्हा कळलं नाही. मी पळत खाली टाक्यातलं पाणी बघायला गेले.

अकरा वर्षांची झाले आणि माझं बिनसलं. कशामुळे ते आता नीट सांगता येत नाही. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी माझी वही सगळ्या वर्गाला दाखवली, एवढं आठवतं. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातल्या एका सभागृहात मुलांची चित्रस्पर्धा होती आणि बाईंनी घरी येऊन माझं नाव लिहून नेलं. मी आठ दिवस आधीपासून फ्रॉक धुऊन ठेवला होता. स्पर्धेचा रविवार आणि बुद्धपौर्णिमेच्या आधीचा रविवार एकच निघाला.

आमच्या वसाहतीतल्या विहाराची एक भिंत नवी बांधली होती. पौर्णिमेच्या आत तिच्यावर पंचशील ध्वज रंगवायचा ठरलं, आणि रंगवणार कोण, तर अर्थात आबा. रंग विकत आणायचा नव्हता. प्रत्येक घरानं आपापल्या दारं-खिडक्यांचा, पेट्यांचा, पाळण्याचा उरलासुरला ऑइलपेंट आणून द्यायचा, म्हणजे ध्वजात सगळ्यांच्या घरचा रंग येईल. किती छान कल्पना. पण त्या रंगांच्या बादल्यांना ना झाकण ना भोकं. आई मावशीच्या बाळंतपणाला गावी गेलेली. सकाळी मी फ्रॉक घालून उभी राहिले तेव्हा आबा म्हणाले, "आज नाय माय. आज भिंत हाय."

"बाईंनी नाव दिलंय."

"पुढल्या खेपी जाशील. तुझ्याबिगर मला कसं जमंल?"

हे ते खरंच लाचारीनं म्हणाले होते. मला ती लाचारी दिसली नाही, दिसला तो नुसता नकार. विहाराकडे जाताना रस्त्यात माझ्या वर्गातल्या दोन मुली भेटल्या, हातात रंगपेट्या, वेण्यांना नव्या रिबिनी. "येत नाहीस?" एकीनं विचारलं. मी आबांचा ब्रशचा डबा पाठीमागे लपवला.

भिंतीची ती बाजू मोकळ्या शेताकडे होती. वैशाखातली दुपार, चिटपाखरू नाही. ध्वजाचे पट्टे उभे, भिंतीच्या माथ्यापासून खालपर्यंत. निळा झाला, पिवळा झाला. ते दोन आबांना कुणाच्याही इतकेच स्वच्छ दिसायचे. तिसरा लाल. आबांनी दोन बादल्या जवळ ओढल्या. एकीत कुणाच्या तरी पाळण्याचा लाल, दुसरीत दारांचा हिरवा. घाम पुसत त्यांनी विचारलं, "माय, यातला लाल कंचा?"

मी हिरव्याकडे बोट दाखवलं. "हा."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असंही म्हणता येत नाही. मी विचार केला होता. बोट उचलायला जेवढा वेळ लागतो तेवढा, पण केला होता. आबांनी "कसा हाय?" विचारलं नाही, घाईत होते. शिडीवर चढले, वरच्या टोकाला ब्रश टेकवला आणि हिरवा पट्टा खाली येऊ लागला. मी खाली बसून मातीत काडीनं रेघोट्या ओढत होते. एक घाणेरडा आनंद होत होता. तो लपवण्यात अर्थ नाही. अर्ध्या भिंतीवर आल्यावर आबा थांबले. वळून माझ्याकडे पाहिलं.

"बराबर हाय ना, माय?"

"हो."

ते पुन्हा भिंतीकडे वळले. ब्रश आता सावकाश चालला होता. एकेक पायरी उतरत ते खाली आले, आणि पट्टा भिंतीच्या पायाला टेकला. पांढरा आणि केशरी मी त्यांना बरोबर दाखवले.

ऊन उतरल्यावर पताका लावायला माणसं आली. समितीचे चिटणीस काशिनाथकाका सगळ्यांच्या पुढे. एका कचेरीत कारकून होते, बोलणं नीटस, शुद्ध. ते भिंतीसमोर येऊन उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पेंटर, हे काय केलंत? निळा, पिवळा, हिरवा?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. एक म्हातारी म्हणाली, "आरं, पोरीनं बादली चुकवली आसंल. ल्हान हाय, द्या सोडून." काशिनाथकाका माझ्याकडे वळले. "काय गं, एवढी मोठी झालीस, तुला लाल-हिरवा कळत नाही? आपला ध्वज आहे हा. उद्या सगळं गाव दर्शनाला येणार." वसाहतीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते, देवाला ठाऊक.

"तिला नका बोलू," आबा म्हणाले. आवाज वर नव्हता. "तिचा काय गुन्हा नाय. मला लाल-हिरवं दिसत नाय. जनमापास्नं."

मग एक जण म्हणाला, "मग त्या ट्रका? इतकी वर्सं?"

"अंदाजानं," आबा म्हणाले.

पोरीला विचारून, असं ते म्हणाले नाहीत. माझं नाव त्यांनी त्यात येऊच दिलं नाही. मीही काही बोलले नाही. काशिनाथकाका वाईट माणूस नव्हते. त्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वसाहतीतल्याच दुसऱ्या एकाला लाल मारायला सांगितलं. आबा शिडी धरून खाली उभे राहिले. लालाचे दोन हात झाले तरी खालचा हिरवा दबला नाही. तो पट्टा पुढे कित्येक वर्षं जांभळट काळसर दिसत राहिला, आणि विहारात जाताना मी त्या बाजूनं कधी गेले नाही.

अशी गोष्ट द्वारकेला पोचायला किती दिवस लागतात? चार लागले. मालेगावचे रशीदचाचा, आबांचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, चाँदतारा आबांकडूनच काढून घ्यायचे. ते आले, गाडीच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले आणि हसत हसत म्हणाले, "क्यों पेंटर, मेरा चाँद हरा ही है ना?"

"हिरवाच आहे चाचा," मी पटकन म्हणाले.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, प्रेमानंच पाहिलं, आणि मग शेजारच्या पंक्चरवाल्याला हाक मारली. "जरा देखना भाई, हरा है?" पंक्चरवाल्यानं बघून हो म्हटलं. चाचांनी चहा पाजला, माझ्या हातावर गोळी ठेवली आणि पुढच्या वेळी रंग दुसरीकडून मारून आणला.

त्यानंतर आबांनी फक्त नंबरप्लेटा लिहिल्या. काळ्यावर पांढरं नाहीतर पांढऱ्यावर काळं. त्यात कुणाची खोट काढायची हिंमत नव्हती; आकडे असे सुबक की लांबूनच ओळखावेत, ही पेंटरच्या हातची. घर चाललं. पण करवंट्या कोरड्या पडल्या, मोर गेला, घोडे गेले. आबांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही, "कसा हाय, सांग." विचारायचं कारणच उरलं नव्हतं. मी टपरीवर जायचे, अभ्यास करत बसायचे, आणि ते शेजारी बसून सात लिहायचे, नऊ लिहायचे. मला आतून सांगून टाकायची उबळ यायची. आज सांगू, उद्या सांगू. दहावी झाली, चित्रकलेचा कोर्स झाला, आणि ते एक वाक्य काही तोंडातून निघालं नाही. माझं हे बूड न टेकणं तेव्हापासूनचं आहे. टेकलं की ते वाक्य वर येतं.

रिक्षावाल्यानं आता माझ्याकडे बघणं सोडून दिलं होतं. मी गॅरेजपासून पुढे गेले, परत आले. थिनरचा डबा बंद झाला होता. बसला अजून पंचवीस मिनिटं होती.

मी नोकरीला निघाले ती याच चौकातून. येवल्याच्या शाळेत चित्रकलेची जागा निघाली होती. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, आबांच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. माझी पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन ते टपरीतून रस्त्यावर आले आणि आम्ही दोघं बसची वाट बघत उभे राहिलो. मी नवी साडी नेसले होते, आयुष्यातली दुसरी की तिसरी. पाच मिनिटांत बस येईल आणि मग हे कायमचं राहून जाईल, असं मला एकदम वाटलं.

"आबा, त्या दिवशी विहाराच्या भिंतीवर... मी मुद्दाम सांगितलं होतं."

"ठाव हाय," आबा म्हणाले.

"कधीपासून?"

"पयल्या हातापास्नं. लाल रंग पयल्या हाताला भिंत झाकत नाय, खालचा चुना दिसत ऱ्हातो. त्यानं लगीच झाकली."

"मग थांबला का नाहीत?"

आबांनी पेटी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "हात म्हनत व्हता हिरवा, तू म्हनत व्हतीस लाल. हाताचं ऐकलं आसतं तर तू खोटी पडली आसतीस. मंग म्या पुन्यांदा कुनाला इचारायचं? म्हनून इचारलं तुला मधी थांबून. वाटलं, आता म्हनशील. आता म्हनशील. तवर पट्टा सरला."

मी रडायला लागले. भर चौकात, हमालांसमोर, ट्रकवाल्यांसमोर. आबा घाबरले, "आगं, आगं" म्हणत इकडेतिकडे बघू लागले, आणि तेवढ्यात बस आली. लोकांनी रेटारेटी केली. आबांनी पेटी खिडकीतून आत सरकवली, मला दारातून ढकललं. मी खिडकीशी बसले. कंडक्टरनं घंटी दिली तेव्हा आबा खिडकीपाशी आले, गजाला धरून चार पावलं बसबरोबर चालले आणि दहा-अकरा वर्षांनी पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं,

"माय, साडी कंच्या रंगाची हाय?"

"लाल," मी म्हणाले.

"लाल," ते म्हणाले. त्यांनी पंक्चरवाल्याकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही. मान डोलावली, चेहरा फुलला, गज सोडला. "लय चांगली दिसती."

बस वळली. आबा दिसेनासे झाले, आणि मी घाईघाईनं पदर हातात धरून खिडकीच्या उजेडात नीट निरखून बघितला. लालच होता.